राईनपाड्याची दिवाणी बाजू



ज्या विधिज्ञांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला धुळ्यात चालते त्यांची सारी हयात दिवाणी न्यायालयात गेली. वाटण्या, वहिवाटी, बांधाचे तंटे, सावकारी रोखे आणि पोटगीच्या फिर्यादी यांतच त्यांनी आपली बुद्धी वेचली, आणि फौजदारी खटल्यांच्या गाजावाजापासून ते बुद्धिपुरस्सर दूर राहिले. त्यांच्या नावाने बोलताना विषय दिवाणीच घ्यावा असे मी ठरविले. मात्र ज्या घटनेविषयी मी बोलणार आहे ती सर्वत्र केवळ फौजदारी म्हणूनच ओळखली जाते, आणि तिला दिवाणी बाजू आहे याचा उच्चारही सहसा कोणी करीत नाही. ज्या कुटुंबातील माणूस दुसऱ्यांच्या हातून मारला गेला त्या कुटुंबाचे मारणाऱ्यांकडे, आणि ज्यांनी त्यास वाचवावयास हवे होते त्यांच्याकडे, काही येणे निघते काय. निघत असेल तर ते कोणी, कोणत्या न्यायालयात आणि कोणत्या मापाने मोजावयाचे, हा आजचा प्रश्न आहे.

१ जुलै २०१८ हा रविवारचा दिवस होता. आपल्या याच जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेकडे झुकणाऱ्या डोंगराळ भागात, राईनपाडा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष भिक्षेसाठी त्या बाजारात आले. त्यांची बिऱ्हाडे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या आणि त्या भोवतालच्या मुलुखातली. अंगावर भगवी वस्त्रे, हाती डौर आणि खांद्यास झोळी असा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वेष. वर्षातील कित्येक महिने घर सोडून परमुलखात पालावर राहावयाचे आणि गावोगाव फिरून मिळेल त्या भिक्षेवर लेकराबाळांचे पोट भरावयाचे, हा त्यांचा पूर्वापार व्यवसाय. त्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची अफवा मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत शिरली होती. या पाचांपैकी कोणी एका लहान मुलीशी बोलू लागला, एवढ्यावरून बाजारात ओरड झाली, जमाव जमला, आणि मारहाण सुरू झाली. त्यांना ओढत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेण्यात आले, आणि त्या बंद खोलीत पाचही जणांचा प्राण जाईपर्यंत ती मारहाण चालू राहिली.

ही खोली ग्रामपंचायतीची होती, ही गोष्ट मला पुढे कामास येणार आहे. ज्या कचेरीत जन्ममृत्यूची नोंद व्हावयाची, ज्या भिंतीवर शासकीय योजनांचे तक्ते लावलेले असावयाचे, तीत पाच निरपराध माणसे लाथाबुक्क्यांनी आणि हाती लागेल त्या वस्तूने मारली गेली. परक्या मुलुखात रात्र पडली तर गावच्या चावडीचा आसरा मागावा, अशी फिरस्त्यांची जुनी समजूत आहे. ती चावडीच येथे वधस्थान झाली.

पुढचे आपणांस ठाऊक आहे. नातलग शेकडो मैलांवरून आले, आणि मागण्यांबाबत आश्वासन मिळेपर्यंत त्यांनी देह ताब्यात घेण्याचे नाकारले. शासनाने प्रथम प्रत्येक कुटुंबास ५ लाख रुपयांचे साह्य जाहीर केले, अटका झाल्या, विशेष सरकारी वकील म्हणून आपल्या खानदेशचेच, जळगावचे उज्ज्वल निकम यांचे नाव पुढे आले. देह अडवून धरणाऱ्या त्या माणसांना त्या वेळी काही वर्तमानपत्री लेखकांनी हटवादी म्हटले. मला ते मुळीच पटत नाही. ज्यांच्यापाशी जमीन नाही, वशिला नाही, आणि ज्यांचे मतदान वर्षातील बहुतेक काळ पालाबरोबर फिरत असते, त्यांच्या हाती आपल्या मृताच्या कलेवरावाचून शासनास थांबविणारे दुसरे काय होते? कायद्याने दिलेला हक्क ज्यास वापरताच येत नाही, तो अखेर आपल्या दुःखाचाच पुरावा करून दाराशी बसतो.

फौजदारी खटल्याची मांडणीच अशी आहे की तीत शासन एका बाजूस आणि आरोपी दुसऱ्या बाजूस उभा असतो. मृताची पत्नी, त्याची आई, त्याची मुले ही त्या रचनेत साक्षीदार. बोलावतील तेव्हा यावयाचे, विचारतील तेवढे सांगावयाचे आणि पिंजऱ्यातून उतरून परत जावयाचे. अलीकडे पीडितास अपिलाचा मर्यादित अधिकार मिळाला आहे, आणि तो मोलाचा आहे. तरी खटला त्यांचा नव्हे. तपास नीट व्हावा एवढ्यासाठीसुद्धा कुटुंबास केवढी पायपीट करावी लागते याचे उदाहरण शेजारच्या जळगावने पाहिले आहे. जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष प्रा. व्ही. जी. पाटील यांची २१ सप्टेंबर २००५ रोजी जळगावात हत्या झाली, आणि तपासाची दिशा समाधानकारक नाही म्हणून त्यांच्या पत्नीस उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठावावे लागले. २००७ साली तो तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला गेला. त्या सुशिक्षित होत्या, शहरात राहणाऱ्या होत्या, त्यांचे म्हणणे छापावयास वर्तमानपत्रे तयार होती. तरीही गोष्ट केवळ तपासाची होती, भरपाईची नव्हे. यावरून पालावरच्या विधवेची कल्पना करावी.

आता थोडे मागे जाऊ. हत्या हा राजाचा अपराध, आणि कुटुंबाचा त्यात दंडापलीकडे संबंध नाही, ही कल्पना आपल्या परंपरेतली नव्हे. आपस्तंब आणि बौधायन यांच्या धर्मसूत्रांत हत्येनंतर वैर फेडण्यासाठी गाई द्याव्यात असे सांगितले आहे: क्षत्रियाच्या वधाबद्दल हजार, वैश्याबद्दल शंभर, शूद्राबद्दल दहा. वैर फिटले पाहिजे ही दृष्टी त्यात आहे. आणि माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या वर्णावरून ठरविण्याचा अन्यायही तितक्याच उघडपणे त्यात आहे. मराठेशाहीत वतनदार घराण्यांमधील खुनाचे तंटे गोतसभेपुढे आणि दिवाणापुढे चालत, आणि मारणाऱ्या घराण्याने मृताच्या घराण्यास जमीन अगर वतनाचा हिस्सा लिहून देऊन ते मिटविल्याचे दाखले त्या काळच्या कागदांत सापडतात. ज्या इतिहाससंशोधक राजवाड्यांनी असल्या महजरांच्या आणि निवाडपत्रांच्या शोधात आयुष्य घालविले त्यांचा देह याच धुळ्यात पडला, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही या गावात आहे, म्हणून हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. परंतु त्या व्यवस्थेतही वतन वतनदारासाठी होते. डौर वाजवीत फिरणाऱ्याचा खून झाला असता त्याच्या मुलांस कोणी पाटिलकीचा हिस्सा लिहून दिला असता असे मला वाटत नाही.

इंग्रजी न्यायपद्धती आली ती आणखी एक विचित्र नियम घेऊन. इंग्लंडात १८०८ साली एका घोडागाडीच्या अपघाताचा दावा चालला. नवरा आणि बायको दोघेही गाडीत होती. नवऱ्यास मुका मार लागला, बायको सुमारे महिन्याभराने रुग्णालयात वारली. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी ज्यूरीस बजावले की, माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी हानी होऊ शकत नाही. सबब नवऱ्यास बायकोच्या सहवासाची भरपाई मिळेल ती तिच्या अखेरच्या श्वासापर्यंतचीच. जखमी करणाऱ्याने पैसे भरावेत, आणि मारून टाकणाऱ्याने काहीच भरू नये, असा त्याचा अर्थ झाला. आगगाड्या सुरू होऊन माणसे ढिगाने मरू लागली तेव्हा कोठे ब्रिटिश पार्लमेंटास जाग आली, आणि १८४६ साली लॉर्ड कॅम्पबेलच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ साली धावली, आणि १८५५ साली हिंदुस्थानासाठी १३ क्रमांकाचा कायदा झाला. त्यास आपण प्राणांतिक अपघात अधिनियम म्हणतो. तो आजही अमलात आहे.

या जुन्या कायद्याच्या नावात अपघात असला, तरी त्याची भाषा अपघातापुरती मुळीच नाही. दुसऱ्याच्या अन्याय्य कृतीने, हयगयीने किंवा कसुरीने मृत्यू ओढवला असेल तर मृताची पत्नी अगर पती, आईबाप आणि मुले यांच्यासाठी नुकसानभरपाईचा दावा चालेल, आणि ती कृती फौजदारी गुन्हा असली तरीही चालेल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे राईनपाड्याच्या पाच कुटुंबांना दिवाणी न्यायालयात वादी म्हणून उभे राहण्याचा हक्क त्या रविवारच्या १६३ वर्षे आधीच लिहून ठेवलेला होता. फौजदारी संहितेच्या कलम ३५७ मध्येही, दंडाच्या रकमेतून भरपाई कोणास द्यावी हे सांगताना, याच १८५५ च्या कायद्याचा हवाला दिलेला होता. हक्क आहे, तो वापरला जात नाही.

वादी होण्याने काय साधते, असे मला तरुण वकील विचारतात, कारण फाशी-जन्मठेपेच्या तुलनेने पैशाची मागणी त्यांस क्षुद्र वाटते. मला ती क्षुद्र वाटत नाही. दिवाणी दाव्यात प्रथमच मृताचे कुटुंब आपली हकीकत आपल्या शब्दांत लिहून न्यायालयापुढे ठेवते, आणि प्रतिवादीस त्या प्रत्येक परिच्छेदास कैफियतीत उत्तर द्यावे लागते. तेथे आरोप संशयातीत सिद्ध करण्याची अट नसते; दोन बाजूंपैकी कोणती अधिक संभवनीय, एवढेच पाहावयाचे असते. शिवाय जमावाच्या गुन्ह्यास दिवाणी कायद्याचे एक तत्त्व फार योग्य लागू पडते. अनेकांनी मिळून एक हानी केली असेल तर त्यातील प्रत्येक जण संपूर्ण भरपाईस बांधलेला असतो. कोणाची लाथ निर्णायक होती हे वादीने सिद्ध करावयाचे नसते. खुनाच्या खटल्यात जमावाच्या गर्दीत दडून जाणे सोपे असते, या दाव्यात ते तितके सोपे नाही.

अशा दाव्याने काय घडू शकते याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील मोबील या शहरी, १९८१ च्या मार्च महिन्यात, मायकेल डोनाल्ड या १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणास कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेच्या दोघा सभासदांनी पकडून ठार मारले आणि त्याचा देह झाडास टांगला. मारेकऱ्यांस शिक्षा झाल्या. पण त्याची आई, ब्यूला मे डोनाल्ड, तेवढ्यावर थांबली नाही. मॉरिस डीस या वकिलाच्या साह्याने तिने त्या संघटनेवरच दिवाणी दावा लावला, कारण दोन तरुणांच्या हातांमागे ज्या संघटनेची शिकवण आणि चिथावणी होती ती सुटता कामा नये असे तिचे म्हणणे होते. १९८७ साली, सारे सभासद गौरवर्णीय असलेल्या ज्यूरीने ७० लाख डॉलरांचा निवाडा दिला. एवढी रक्कम संघटनेपाशी कोठली असणार! हुकूमनाम्याच्या बजावणीत टस्कालूसा येथील तिची मुख्य कचेरी, जमिनीसह, त्या मातेच्या नावे झाली. दाव्याच्या सुनावणीत मारेकऱ्यांपैकी एकाने तिच्याकडे तोंड करून क्षमा मागितली, आणि तिने ती दिली. फौजदारी न्यायालयात आरोपीचे तोंड न्यायाधीशाकडे असते. ज्या खोलीत वादी म्हणून आई बसली होती तेथेच तो माणूस तिच्याकडे वळू शकला, हे मला त्या ७० लाखांहून अधिक महत्त्वाचे वाटते.

आता मंगळवेढ्याच्या एखाद्या विधवेने असा दावा लावावयाचे ठरविले असे क्षणभर धरू, आणि तिच्याबरोबर पायरी पायरीने चालून पाहू.

पहिला प्रश्न स्थळाचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे शरीरास झालेल्या अपायाचा दावा जेथे अपाय झाला तेथे, अगर जेथे प्रतिवादी राहतो वा धंदा करतो तेथे लावावयाचा. म्हणजे वादीने सोलापूर जिल्हा सोडून धुळे जिल्ह्यात यावयाचे, तेही ज्या मुलुखात तिच्या नवऱ्यास मारले त्याच मुलुखात; तारखेस यावयाचे, तारीख पडली की परत जावयाचे, पुन्हा यावयाचे. साक्रीच्या स्टँडवर उतरताना तिच्या मनात काय येईल याचा विचार कायद्याने केलेला नाही. आणि येथेच एक विरोध ध्यानात घ्यावा: तोच नवरा सुरत–नागपूर महामार्गावर धुळे–जळगावच्या दरम्यान मालमोटारीखाली सापडून मेला असता, तर मोटार वाहन कायद्याने तिला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुभा दिली असती.

दुसरा प्रश्न मुदतीचा. १८५५ च्या कायद्याखालील दाव्यास मृत्यूपासून २ वर्षांची मुदत आहे. खुनाचा खटला दोन वर्षांत संपत नाही हे आपण सारे जाणतो. आणि घरातील कर्ता पुरुष गेलेल्या कुटुंबास पहिली दोन वर्षे पोटाची तजवीज करण्यातच जातात. राईनपाड्याच्या बाबतीत ही दोन वर्षे जुलै २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, भरत होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ मुदतीच्या गणनेतून वगळला, ही त्या काळच्या सर्वच पक्षकारांवर झालेली मोठी मेहेरबानी. परंतु अशी सवलत मिळाली आहे हे पालावर जाऊन सांगणारी कोणतीही यंत्रणा आपल्यापाशी नाही.

तिसरा प्रश्न न्यायालयीन शुल्काचा. सामान्य नियमाने मागणीच्या प्रमाणात शुल्क भरावे लागते. ते भरता येत नसेल तर निर्धन म्हणून दावा चालविण्याची परवानगी मागावी लागते. त्या अर्जासोबत आपल्या साऱ्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी अंदाजी किमतीसह जोडावयाची असते. मी अशा याद्या लिहून दिलेल्या आहेत, म्हणून ती कशी होते हे सांगू शकतो. पाल एक, त्याचे बांबू आणि दोर, जर्मनची पातेली दोन, तवा, परात, गोधड्या, मयताचा डौर. प्रत्येकापुढे रुपये लिहावे लागतात. डौराची किंमत काय घालावी, असे विचारले की समोरची बाई गप्प होते, आणि आपणही खाली पाहून कागदावर काहीतरी आकडा मांडतो. मग नाझराकडून चौकशी होते, प्रतिपक्षास हरकतीची संधी मिळते, आणि हे सारे मूळ दावा दाखल होण्याआधी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने प्रत्येक स्त्रीस, उत्पन्नाची अट न घालता, मोफत साह्याचा हक्क दिला आहे, हे खरे. तो हक्क तिला कळावयास तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचणारे माणूस मात्र लागते.

वारसांचाही प्रश्न आहे. १८५५ चा कायदा पती-पत्नी, आईबाप आणि मुले एवढ्यांनाच ओळखतो. त्यात आजी-आजोबा आणि नातवंडे धरली आहेत, पण भाऊ-बहिणी नाहीत. पालावर भावाची लेकरे भाऊच वाढवितो. मोटार अपघाताच्या बाबतीत १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात भावासही भरपाईचा अधिकार मान्य केला, आणि भारतीय कुटुंबाचे खरे रूप ओळखले. ती दृष्टी खुनाच्या दाव्यापर्यंत पोहोचलेली नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मोजमापाचा आहे, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा आणि २०१७ साली प्रणय सेठी या प्रकरणांत एक ठरीव रीत घालून दिली. एक ३८ वर्षांचा स्वतःचा धंदा करणारा माणूस घ्या; मासिक मिळकत १२ हजार रुपये धरा; पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवा म्हणजे १६ हजार ८०० होतात; घरात अवलंबून असणारी पाच माणसे असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी चौथा हिस्सा वजा करा; वर्षाचे १ लाख ५१ हजार २०० उरतात; त्यास वयानुसार १५ ने गुणा. बेरीज २२ लाख ६८ हजार येते, आणि वर काही ठरीव रकमा. हा हिशेब कोणताही नवखा वकील दहा मिनिटांत करून देतो, आणि विमा कंपनी तो भरते. आता राईनपाड्यास प्रथम जाहीर झालेले ५ लाख यांच्याशेजारी ही रक्कम ठेवून पाहा. एकास मालमोटारीने मारले, दुसऱ्यास माणसांनी. दुसऱ्याच्या कुटुंबास प्रथम जाहीर झाली ती त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी रक्कम, आणि तीही हक्काने नव्हे, तर मंत्रालयाच्या घोषणेने.

परंतु त्या सूत्रात पहिलाच आकडा मिळकतीचा आहे, आणि गोसाव्याची मिळकत ती काय? झोळीत पडलेले पीठ, धान्य, चार नाणी. तिची पावती नसते. त्याहून क्लेशकारक गोष्ट ही की, १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा गाणे-वाजविणे वा भविष्य सांगणे या निमित्ताने मागितलेल्या दानासही भीक समजतो आणि तो गुन्हा ठरवितो. प्रतिवादीच्या वकिलाने उलटतपासात एकच प्रश्न विचारावा, की तुमचा नवरा करीत होता तो व्यवसाय कायद्याने निषिद्ध आहे हे खरे काय? आणि त्या निषिद्ध मिळकतीची भरपाई कशी मागता? आपस्तंबाच्या हजार आणि दहा गाईंविषयी आपण नाके मुरडतो. पण मिळकतीवरून जिवाचे मोल करणाऱ्या आजच्या रीतीत तोच उतरता क्रम, वर्णाचे नाव काढून टाकून, शाबूत राहिला आहे. यातून वाट नाही असे मात्र नव्हे. जमशेदपूरच्या १९८९ मधील आगीत मरण पावलेल्या गृहिणींच्या बाबतीत २००१ साली, लता वाधवा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने वेतन न मिळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मासिक ३ हजार रुपये मूल्य धरले. ज्या न्यायालयाने चुलीपुढच्या श्रमाला आकडा दिला, त्यास दारोदार चालणाऱ्याच्या श्रमाला किमान वेतनाचा आकडा देणे अशक्य नाही.

समजा हे सारे पार पडले आणि हुकूमनामा मिळाला. आता दरखास्त, म्हणजे त्याची बजावणी. प्रतिवादी कोण, तर डोंगरातील अल्पभूधारक शेतकरी आणि मजूर. शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे आणि बैल यांस कायद्याने जप्तीपासून सूट दिली आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून राईनपाड्याचा दिवाणी हिशेब केवळ मारणाऱ्यांशी पुरा होऊ शकत नाही. तो शासनापर्यंत जावा लागतो. नीलावती बेहेरा या ओडिशातील मातेने आपल्या मुलाच्या कोठडीतील मृत्यूविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, आणि १९९३ साली न्यायालयाने शासनास दीड लाख रुपये भरावयास लावले. मूलभूत हक्काच्या भंगास सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही असे त्यात ठरले. ते कोठडीतील मरण होते. पण सार्वजनिक कचेरीच्या चार भिंतींत, गावाच्या डोळ्यांदेखत झालेल्या मरणाची जबाबदारी शासनाने झिडकारावी, हे त्या निवाड्याच्या न्यायास धरून होणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

राईनपाड्यानंतर अवघ्या १६ दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने जमावहत्येविषयी सविस्तर निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमावा, खटले शक्यतो सहा महिन्यांत संपवावेत, राज्यांनी भरपाईची योजना करावी आणि तीस दिवसांत अंतरिम साह्य द्यावे, असे त्यांत आहे. भरपाई ठरविताना मिळकतीची हानी, शिक्षणाच्या आणि उपजीविकेच्या संधीची हानी, आणि मानसिक आघात हे सारे ध्यानात घ्यावे असेही सांगितले आहे. त्यापुढे सहा वर्षांनी, योगायोगाने १ जुलै २०२४ रोजीच, भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि तिच्या कलम १०३ मध्ये पाच वा अधिक जणांच्या गटाने केलेल्या हत्येस स्वतंत्र पोटकलम मिळाले. पण ते लागू पडावयास वंश, जात, भाषा, जन्मस्थान वगैरे कारण असावे लागते. अफवेने पिसाळलेल्या जमावाचे कारण यांपैकी कोणते म्हणावयाचे, याविषयी वकील वर्षानुवर्षे वाद घालतील. आणि कुटुंबाच्या येण्याविषयी त्या पोटकलमात एक अक्षर नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा अत्याचारात खून झाल्यास २०१६ च्या सुधारित नियमांनी सव्वाआठ लाखांची ठरीव रक्कम दिली जाते. डवरी गोसावी भटक्या जमातींत मोडतात, म्हणून ते दारही त्यांस बंद.

आमच्या जुन्या मुंबई पोलीस कायद्यात, १९५१ सालच्या, एक कलम आहे ज्याचा बहुतेकांस विसर पडला आहे. बेकायदा जमावाच्या कृत्याने मृत्यू झाला तर शासनाने ते क्षेत्र घोषित करावे आणि जिल्हादंडाधिकाऱ्याने भरपाई ठरवून ती त्या क्षेत्रातील रहिवाशांकडून करासारखी वसूल करावी, असा त्याचा आशय. मी त्याचा पुरस्कार करीत नाही. त्या दिवशी जी म्हातारी बाजारात भाजी विकून दुपारीच घरी गेली तिच्यावर कर बसविण्यात न्याय नाही. तरीही एक गोष्ट त्यातून घेण्याजोगी आहे: भरपाई ठरविण्याचे काम जिल्ह्यातील अधिकाऱ्याने, दाव्याची वाट न पाहता, आपण होऊन हाती घ्यावे, ही कल्पना आपल्या कायद्यास अपरिचित नाही.

म्हणून माझी सूचना आहे ती मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या धर्तीवरच्या एका छोट्या कायद्याची. जमावाच्या हातून झालेल्या मृत्यूचा दावा कुटुंबाच्या राहत्या जिल्ह्यात चालावा, शुल्क नसावे, मुदत फौजदारी निकालानंतर मोजावी, भावाबहिणींस वारसांत स्थान असावे, मिळकत सिद्ध न झाल्यास किमान वेतन गृहीत धरावे आणि भिक्षेचा व्यवसाय हा बचाव चालू नये, शासनाने रक्कम आधी भरावी आणि मग दोषींकडून, त्यांच्या ऐपतीप्रमाणे, वसूल करीत बसावे. यांतील प्रत्येक कलमास आजच्या कायद्यात कोठे ना कोठे आधार आहे. ती एके ठिकाणी आणलेली नाहीत इतकेच.

हा मसुदा करण्यासाठी विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहण्याचे कारण नाही. धुळे आणि साक्री येथील वकील मंडळींनी तो या वर्षात लिहून काढावा. घटना आपल्या जिल्ह्यात घडली, तेव्हा पहिला मान आणि पहिला भार आपला. जळगावच्या मित्रांनी उच्च न्यायालयातील अनुभव त्यास द्यावा, आणि सोलापूरच्या विधी सेवा प्राधिकरणामार्फत तो मंगळवेढ्यास नेऊन ज्या बायकांसाठी तो लिहिला त्यांना वाचून दाखवावा. वारसांच्या कलमात कोणती नाती राहून गेली, आणि मिळकतीच्या कलमात झोळीतले काय मोजावयाचे विसरले, हे त्या सांगतील. मग दुरुस्त केलेली प्रत मुंबईस पाठवावी.